विहिरीच्या पाण्याची परीक्षा



पाणी पिण्याजोगें आहे कीं नाहीं हें कोणीं, कसें आणि कोणाकरितां ठरवावयाचें, हा प्रश्न दिसण्यांत साधा आहे; परंतु त्याच्या उत्तराला मोठा इतिहास आहे. लढाया, तह आणि राजवंश यांचा इतिहास आपण पुष्कळ वेळां ऐकतों. आज मी आपणांस विहिरीच्या पाण्याच्या परीक्षेचा इतिहास थोडक्यांत सांगणार आहें. हें सांगतांना माझ्या डोळ्यांपुढें वैनगंगेच्या कांठचें वडसा गांव आणि त्याच्या पूर्वेस व दक्षिणेस पसरलेला गडचिरोलीचा जंगलमुलूख आहे. कारण शहरांत ज्या प्रश्नाचा निकाल लागून गेला असें आपणांस वाटतें, तो प्रश्न तेथें अजून घरोघरच्या अंगणांत शिल्लक आहे.

वडसा, म्हणजेच देसाईगंज, हें गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील व्यापाराचें गांव. चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला, तेव्हां त्याच्या वांट्यास रेल्वेचें हें एकच स्टेशन आलें. हा सगळा झाडीपट्टीचा प्रदेश. येथें धान पिकतें, तेंदूपान आणि बांबू जंगलांतून उतरतो. पावसाची येथें उणीव नाहीं. कोहळी लोकांनीं पिढ्यान् पिढ्या बांधलेले मालगुजारी तलाव या मुलुखाचें भूषण आहेत. लहान तळ्याला येथले लोक बोडी म्हणतात. परंतु तलाव आणि बोडी हीं धानाकरितां व गुरांकरितां. माणसाचें पिण्याचें पाणी मुख्यतः विहिरीचें. गांवाची एक विहीर, पाटलाची एक, आणि ज्याला ऐपत त्याच्या अंगणांत त्याची स्वतःची. पाण्याचा तुटवडा असलेल्या गांवाची हांक सरकारापर्यंत पोंचते. जेथें पाणी भरपूर आहे तेथें तें कसें आहे, हें विचारण्याचें मात्र सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं.

आपले पूर्वज पाण्याची परीक्षा जाणत नव्हते असें मुळींच नाहीं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत पाण्याच्या दोषांचें वर्गीकरण आहे. स्पर्श, रूप, रस, गंध, वीर्य आणि विपाक अशा सहा प्रकारांनीं पाणी बिघडतें, असें तेथें म्हटलें आहे. आणि तें निवळण्याचे उपायहि दिले आहेत. त्यांतला एक उपाय निवळीच्या बियांचा. आपल्या जंगलांत होणाऱ्या या झाडाचें मराठी नांवच त्याचें काम सांगतें. बी मडक्याच्या आंतल्या अंगास घांसावें, म्हणजे गढूळपणा तळाशीं बसतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत भूजल शोधण्यावर ‘दकार्गल’ नांवाचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत गढूळ, कडू किंवा खारट विहीर सुधारण्याकरितां तींत कोणतें चूर्ण टाकावें हेंहि सांगितलें आहे. जीभ, नाक, डोळा आणि हात हीं या परीक्षेचीं साधनें होतीं. जें इंद्रियांना कळे तें तिला कळे. जें इंद्रियांना कळत नसे, तेथें ती थांबे.

परंतु या ज्ञानाच्या शेजारींच आपल्या समाजांत पाण्याची दुसरी एक परीक्षा चालत आली. तींत पाण्याकडे पाहिलेंच जात नसे. पाणी भरणाराकडे पाहिलें जाई. पोहरा कोणाचा आणि हात कोणाचा, यावर पाणी शुद्ध कीं अशुद्ध हें ठरे. १८६८ सालीं जोतीराव फुले यांनीं पुण्यांतील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला. खासगी पाण्याच्या मालकानें आपल्या मालकीचा असा उपयोग करावा, हें त्या काळीं विपरीतच मानलें गेलें. पुढें १९२३ सालीं मुंबई कायदेकौन्सिलांत सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असें ठरलें. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं तसें जाहीरहि केलें. परंतु तें कागदावरच राहिलें. अखेर २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले व तेथील पाणी प्यायले. त्यानंतर सनातनी मंडळींनीं पंचगव्यानें भरलेल्या १०८ घागरी तळ्यांत ओतून त्याची ‘शुद्धि’ केली. या तळ्यावर गुरांनीं पाणी प्यावें, याला कोणाची हरकत नव्हती. प्रकरण कोर्टांत गेलें, आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादि वहिवाट सिद्ध होत नाहीं, असा निकाल मुंबई हायकोर्टानें १७ मार्च १९३७ रोजीं दिला.

शेण आणि गोमूत्र ओतून तळें शुद्ध झालें असें समजणाऱ्या या मंडळींच्या काळापर्यंत जगांत पाण्याविषयीं काय कळून चुकलें होतें, तें आतां पाहूं. १८५४ सालीं लंडनच्या सोहो भागांत पटकीची भयंकर सांथ आली. डॉ. जॉन स्नो यांनीं ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाचें पाणी तपासलें, परंतु त्यांत त्यांना निर्णायक असें कांहींच दिसलें नाहीं. मग त्यांनीं माणसें मोजलीं. कोणत्या घरीं मृत्यु झाला आणि त्या घरचें पाणी कोठून येत असे, हें त्यांनीं दारोदार विचारलें. बहुतेक मृत्यूंची वाट त्या एका पंपाकडे जात होती. पंपाचा दांडा काढण्यांत आला. पाण्याची नवी परीक्षा अशी पाणी पिणाराची विचारपूस करून सुरू झाली. तीस वर्षांनंतर, १८८४ सालीं, रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यांत पटकीचे जंतु प्रत्यक्ष सांपडले. म्हणजे महाडच्या घागरी ओतल्या गेल्या तेव्हां या शोधाला त्रेचाळीस वर्षें झालीं होतीं.

हिंदुस्थानांत या ज्ञानाचा पहिला व्यापक उपयोग विहिरींवरच झाला. आग्र्याचे रासायनिक परीक्षक अर्नेस्ट हँकिन यांनीं १८९० नंतरच्या दशकांत, पटकीच्या सांथीच्या वेळीं विहिरींत परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला. पुढें हीच ‘लाल दवा’ गांवोगांव पोंचली. सांथीची बातमी आली कीं आरोग्यखात्याचा माणूस येई, विहिरीचें पाणी गुलाबी होई आणि बायका तें पाणी भरण्यास कचरत. दवा कशासाठीं हें सांगणारा कोणी बरोबर नसला, तर रंगलेल्या पाण्याविषयीं संशयच वाढे. आज ग्रामपंचायत विहिरींत जी टी. सी. एल. पावडर टाकते, ती त्या लाल दवेचीच वारस होय. तिचा वास येतो म्हणून आजहि कित्येक घरें ती नाकारतात.

खासगी विहिरीवर सरकारी तपासणी आली म्हणजे काय होतें, हें महाराष्ट्रांत प्रथम मुंबईनें पाहिलें. १८६० च्या सुमारास विहारचें पाणी नळानें शहरांत आलें, तरी घरोघरच्या विहिरी राहिल्याच. डॉ. चार्ल्स बेंट्ले यांनीं मुंबईंतील हिंवतापाची चौकशी करून १९११ सालीं अहवाल दिला, आणि हिंवताप पसरविणारा डांस या विहिरींतच वाढतो असें दाखविलें. विहिरी बुजवा किंवा झांका, असा आग्रह सुरू झाला. त्यावर पारशी आणि हिंदु घरांतून धर्मकृत्यांना विहिरीचें पाणी लागतें म्हणून मोठी हरकत आली. अखेर कांहीं विहिरी बंद झाल्या आणि कांहींना जाळीचें झांकण बसवून परवानगी मिळाली. हा वाद अज्ञान विरुद्ध ज्ञान असा सरळ नव्हता. आपल्या कठड्याच्या आंत दुसऱ्यानें पाहूं नये, ही मालकाची भावना त्यांत होती, आणि कठड्याच्या आंतला डांस शेजाऱ्याच्या घरांत जातो, हें शास्त्रहि त्यांत होतें. मुंबईच्या घरवाल्यांजवळ बाजू मांडावयास वकील होते, वर्तमानपत्रें होतीं आणि विहिरीला पर्याय म्हणून नळ होता. जंगलांतल्या झोंपडीजवळ यांपैकीं एकहि नसतें, एवढें लक्षांत ठेवून पुढें जाऊं.

नारूची हकीकत यापेक्षां आनंदाची आहे. पायऱ्यांच्या विहिरींत नारूचा रोगी पाय बुडवून उतरे. त्याच्या जखमेंतून कृमीचीं पिल्लें पाण्यांत पडत. सायक्लॉप्स नांवाचा बारीक जलचर तीं गिळी, आणि तें पाणी पिणाराच्या शरीरांत वर्षभरानें हातभर लांबीचा कृमि तयार होई. रशियन शास्त्रज्ञ फेडचेंको यांनीं सायक्लॉप्सचा हा संबंध १८७० च्या सुमारास उलगडला. परंतु त्यानंतर शंभराहून अधिक वर्षें आपला शेतकरी ऐन पेरणीच्या दिवसांत नारूनें जखडून अंथरुणावर पडतच राहिला. १९८३–८४ सालीं राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. ज्या राज्यांत तो राबविला गेला त्यांत महाराष्ट्र होतें. या रोगावर लस नव्हती आणि गुणकारी औषधहि नव्हतें. विहिरीच्या पायऱ्या बंद करणें, पाणी दाट कपड्यानें गाळणें, सायक्लॉप्सचा नाश करणें आणि हातपंप देणें, एवढींच शस्त्रें होतीं. देशांतील शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्यें राजस्थानांत आढळला, आणि फेब्रुवारी २००० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त असल्याचें मान्य केलें. घरोघर जाऊन पाणी आणि माणूस दोन्ही तपासलीं, तर गरिबांतल्या गरिबाच्या घरचा रोगहि मुळासकट जातो, याचें याहून मोठें उदाहरण आपल्याजवळ नाहीं.

या विजयांत हातपंपाचा वाटा मोठा होता. आणि हातपंपाच्या इतिहासांत महाराष्ट्राचा मान मोठा आहे. जालना व सोलापूर येथें मिशनऱ्यांच्या खटपटीनें जे मजबूत पोलादी पंप तयार झाले, त्यांच्या आधारानेंच १९७० नंतरच्या दशकांत ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप घडला आणि देशभर पसरला. १९७२ च्या दुष्काळानंतर कूपनलिका खोदणारीं यंत्रें खेड्यापाड्यांत पोंचलीं. आमच्याकडे लोक याला बोरिंग किंवा हापशी म्हणतात. उघड्या विहिरीपेक्षां बोरिंगचें पाणी स्वच्छ, हें जंतूंच्या बाबतींत खरेंच होतें. परंतु खोल गेलेल्या नळीनें एका संकटांतून सोडवून कित्येक ठिकाणीं दुसऱ्या संकटाशीं गांठ घालून दिली.

हें दुसरें संकट फ्लोराइडचें. त्याचा शोध अमेरिकेंत लागला. कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथें फ्रेडरिक मॅके या दंतवैद्यानें १९०१ सालीं व्यवसाय सुरू केला, तेव्हां तेथें वाढलेल्या लोकांच्या दांतांवर तपकिरी डाग त्याला दिसले. आर्कन्सा संस्थानांतील बॉक्साइट या गांवीं १९०९ सालीं उथळ विहिरी सोडून खोल विहिरींचें पाणी घेण्यांत आलें, आणि त्यानंतर वाढलेल्या मुलांचे दांत तसेच डागाळले. पुष्कळ वर्षें कोणासहि कारण सांगतां येईना. १९३१ सालीं चर्चिल नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें त्या पाण्याची सूक्ष्म परीक्षा केली, तेव्हां दहा लाख भागांत १३.७ भाग फ्लोराइड निघालें. हिंदुस्थानांत या विकाराचें पहिलें शास्त्रीय वर्णन १९३७ सालीं मद्रास इलाख्यांतील नेल्लोर जिल्ह्यांतून झालें. आणि तेथें प्रश्न दांतांपुरताच नव्हता. वर्षानुवर्षें तें पाणी प्यालेल्या माणसांची पाठ ताठ होऊन वांकली होती व सांधे आंखडले होते.

फ्लोराइड खडकांतून येतें. महाराष्ट्राचा फार मोठा भाग काळ्या पाषाणाचा आहे; परंतु वैनगंगेच्या पूर्वेस त्याहून कितीतरी प्राचीन ग्रॅनाइट व नाइस जातीचे खडक आहेत. अशा खडकांतील कांहीं खनिजांतून फ्लोराइड पाण्यांत विरघळतें. महाराष्ट्रांतील ज्या जिल्ह्यांत तें मर्यादेबाहेर आढळलें आहे, त्यांत यवतमाळ, नांदेड यांच्याबरोबर चंद्रपूर आणि गडचिरोली यांचीं नांवें आहेत. भारतीय मानकाप्रमाणें लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावें. दुसरें पाणी नसेलच तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावें. या पाण्याला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. सुश्रुताची इंद्रियपरीक्षा येथें हरते. लोहाचें पाणी भांड्याला तांबूस डाग पाडून आपली ओळख देतें, म्हणून लोक तें टाळतात. आणि कधीं कधीं तें टाळून त्याहून वाईट असलेलें निर्मळ दिसणारें पाणी घेतात. पाणी उकळून प्या, हा उपदेशहि फ्लोराइडला लागू नाहीं. उकळल्यानें पाणी आटतें आणि फ्लोराइड तेवढेंच राहतें.

येथें आजच्या विषयाचें मर्म आहे. एकाच गांवांत एका विहिरीचें पाणी चांगलें आणि पन्नास पावलांवरील बोरिंगचें वाईट, असें घडूं शकतें. कारण खडकांतल्या भेगा आणि विहिरींची खोली हीं निरनिराळीं असतात. म्हणून गांवच्या सार्वजनिक विहिरीचा दाखला अंगणांतल्या विहिरीला चालत नाहीं. आणि आपली सारी व्यवस्था तर सार्वजनिक पाण्याकरितां उभारलेली आहे. महाराष्ट्रांत ग्रामपंचायतींच्या पाणवठ्यांची वर्षांतून दोनदां पाहणी होऊन धोक्याप्रमाणें लाल, पिवळें किंवा हिरवें कार्ड दिलें जातें. अंगणांतल्या विहिरीला कोणत्याच रंगाचें कार्ड नाहीं.

याचें मूळ कायद्यांत सांपडतें. १८८२ च्या सुखाधिकाराच्या कायद्यानें आपल्या जमिनीखालील पाणी काढण्याचा हक्क जमीनमालकास मान्य केला; तें पाणी तपासण्याचें कर्तव्य त्याला कोणी सांगितलें नाहीं. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदानें विहिरी व तळीं सर्वांना खुलीं केलीं, परंतु तीं सरकारी खर्चानें राखलेलीं किंवा सार्वजनिक उपयोगाकरितां अर्पण केलेलीं असावीं लागतात. अशा रीतीनें हक्क आणि संरक्षण हीं दोन्ही खासगी कठड्यापाशीं थांबतात. वाड्याच्या मालकाला त्यानें फारसें बिघडत नाहीं. तो बाटली घेऊन शहरांत जाऊं शकतो. परंतु ज्यानें कर्ज काढून झोंपडीमागें बोरिंग मारलें, किंवा ज्याची मजूर बायको धानाच्या बांधींत रोवणी करतांना दुसऱ्याच्या शेतविहिरीचें पाणी पिते, त्यांच्याकरितां कोण जातो? वैनगंगेला २०२० च्या ऑगस्टअखेर मोठा पूर आला. पुराचें पाणी विहिरींत शिरलें म्हणजे घाण, जंतु आणि गाळ सारेंच आंत येतें. अशा वेळीं सार्वजनिक विहिरीकडे पंचायत पाहते. खासगी विहीर मात्र मालक उपसील तेव्हां स्वच्छ व्हावयाची. आणि उपसली म्हणजे ती निर्दोष झाली असेंहि नाहीं.

साधनें आज नाहींत असें कोणी म्हणूं नये. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञांनीं १९८२ सालीं एक साधी बाटली प्रसिद्ध केली. तींत पाणी भरून ठेवावें, तें काळें पडलें तर त्यांत मैल्याचा अंश आहे असें समजावें. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. १५ ऑगस्ट २०१९ रोजीं जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्यें प्रत्येक गांवांतील पांच स्त्रियांना तपासणी संच वापरण्यास शिकवावें अशी योजना झाली, आणि २०२१ पासून सरकारी प्रयोगशाळा नाममात्र शुल्कांत सामान्य नागरिकांचे नमुने घेऊं लागल्या. फ्लोराइड काढण्याची तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर यांची ‘नालगोंडा’ रीति तर आपल्या नागपूरच्याच संस्थेनें शोधली. १९५८ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेला आज ‘नीरी’ या नांवानें सर्व ओळखतात.

मग अडतें कोठें? पहिली अडचण अंतराची. जंतूंच्या परीक्षेचा नमुना निर्जंतुक बाटलींत, थंड ठेवून, एका दिवसाच्या आंत प्रयोगशाळेंत पोंचावा लागतो. आणि सिरोंच्याहून गडचिरोली दीडशेंहून अधिक किलोमीटर आहे. नमुना नेणाराची एक दिवसाची मजुरी बुडते, ती शुल्कापेक्षां जास्त असते. दुसरी अडचण अहवालाची. आंकड्यांचा कागद हातीं आला तरी त्याचा अर्थ सांगणारा घरीं नसतो. तिसरी अडचण सर्वांत खोल आहे. परीक्षेचा निकाल वाईट आला तर पुढें काय, हें भय. ज्याला दुसरी विहीर नाहीं, तो आपल्या विहिरीचा दोष जाणून घेण्यास धजत नाहीं. त्याला अडाणी म्हणून हिणविणें हा अन्याय आहे. जी परीक्षा दोष दाखवून निघून जाते, ती गरिबाला नकोशी वाटली तर नवल नाहीं.

यावर उत्तर आहे, आणि तें आवांक्याबाहेरचें नाहीं. पिण्याला आणि स्वयंपाकाला लागणारें पाणी हें घरांतल्या एकंदर पाण्याचा लहानसा भाग असतें. जंतु असले तर उकळावें किंवा टी. सी. एल. वापरावी. उकिरडा विहिरीशेजारीं असला तर तो हलवावा. नायट्रेट व मैला बहुधा तेथूनच येतात. फ्लोराइड असलें तर त्या विहिरीवर धुणींभांडीं खुशाल करावीं, आणि पिण्यापुरत्या घागरी तपासलेल्या दुसऱ्या विहिरीवरून, नळावरून किंवा साठविलेल्या पावसाच्या पाण्यांतून घ्याव्या. म्हणजे गांवांतल्या चांगल्या विहिरीचा मालक आणि वाईट विहिरीचा मालक यांच्यामध्यें घागरीचा व्यवहार सुरू झाला पाहिजे. येथें पुन्हा फुल्यांचा हौद आठवल्यावांचून राहत नाहीं. पाणी तपासलें, पण तें कोणाला भरूं द्यावयाचें याविषयींची जुनी परीक्षा मनांतून गेली नाहीं, तर प्रयोगशाळेचा अहवाल निरुपयोगी होतो.

मी शाळामास्तर होतों, म्हणून मला साधन सुचतें तेंहि शाळेचेंच. जेथें प्रयोगशाळा नाहीं तेथेंहि शाळा आहे. पावसाळ्यापूर्वीं एकदां व पावसाळ्यानंतर एकदां प्रत्येक मुलानें आपल्या घरच्या पाण्याची बाटली शाळेंत आणावी, गांवांतल्या शिकलेल्या स्त्रियांनीं आपला संच घेऊन तेथें बसावें, आणि विहिरींची एक वही मराठींत व जरूर तेथें गोंडी-माडियांत वाचून दाखवावी. ज्या नमुन्यांत शंका येईल तेवढेच पुढें प्रयोगशाळेंत जावेत, आणि ते नेण्याचा खर्च पंचायतीनें सोसावा. स्नो यांनीं लंडनमध्यें दारोदार फिरून जें केलें, तेंच हें काम आहे. मुलाचे दांत डागाळलेले दिसले तर गुरुजींनीं प्रथम त्याच्या घरचें पाणी विचारावें. कारण कायमचे दांत बनत असतांना बालपणीं पडलेला तो डाग पुढें कोणत्याहि पाण्यानें धुतला जात नाहीं.

आपण शहरांत राहणारी मंडळी नळ सोडतों, त्यामागें रोज कोणी तरी आपल्याकरितां पाणी तपासीत असतो. आपणांस त्याचें नांवहि ठाऊक नसतें. ती सोय आपल्या आजोबांना नव्हती. दीडशें वर्षांच्या खटपटीनें ती आपणांस मिळाली. वडशाच्या पलीकडे त्या खटपटीचा शेवटचा टप्पा अजून राहिला आहे, आणि तो एकेका कठड्यापाशीं जाऊनच पुरा होणार आहे. आपल्यापैकीं ज्यांचीं गांवीं घरें आहेत, त्यांनीं या सुटींत आपल्या विहिरीची एक बाटली आणि शेजारच्या गरिबाच्या विहिरीची एक बाटली, अशा दोन बाटल्या प्रयोगशाळेंत पोंचवाव्या, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.